हबीबमामूंचा वजनकाटा

हबीबमामूंकडून सायकल भाड्यानं घ्यायची तर आधी चपला काढून काट्यावर उभं राहावं लागे. ते गिऱ्हाइकाचं वजन करत आणि मग तासाचं भाडं सांगत. गिऱ्हाईक कलेक्टर कचेरीतलं असो, शाळेतलं असो की नुकतंच गावाकडून आलेलं असो, काटा कुणालाही चुकला नाही.

औरंगपुऱ्यात नाल्याच्या कडेला, एका कडुनिंबाखाली त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार पत्रे, अकरा सायकली, हवा भरायचा एक पंप, पंक्चर शोधायला पाण्याचं घमेलं आणि ऐन दारात तो लोखंडी काटा. मूळचा तो कापसाच्या गाठी तोलायचा. एक जिनिंग फॅक्टरी बंद पडली, तिथलं सामान लिलावात निघालं, तेव्हा मामूंनी तो घेतला आणि हातगाडीवर घालून आणला. त्याच्यावरचे मण-शेराचे आकडे त्यांनी खिळ्यानं खरवडले आणि शेजारी किलोचे आकडे कोरले. पोलीस अ‍ॅक्शन होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली होती, किलो-मीटर नवे नवे आले होते. दुकानदार अजून मनातल्या मनात शेराचा हिशेब करून किलोचा भाव सांगत. मामूंनी मात्र सरकारचं हे एक फर्मान मनापासून पाळलं.

पुढं याच काट्यापायी मामूंच्या अकराही सायकलींचा परवाना जायची वेळ आली. तो काटा उचलून आणायला सरकारनं जो माणूस पाठवला, तो मी. म्हणून ही हकीकत मला सांगणं भाग आहे. सांगताना माझी अब्रू फारशी शिल्लक राहणार नाही, हेही आधीच कबूल करतो.

मी सोयगावहून शिकायला आलो होतो. छावणीत टायपिंगचा क्लास लावला होता आणि आठवड्यातून दोनदा तिथं जायला सायकल लागे. पहिल्यांदा गेलो तेव्हा मामू घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघत होते. मी भाव विचारला.

"कुनाचा भाव?"

"सायकलचा."

"सायकलला भाव नसतो. ती नुसतं लोखंड हाय. भाव वर बसणाऱ्याचा. तू बसला की टायर झिजतं, स्प्रिंग दबती, तारा ढिल्या व्हत्यात. खर्चा ज्याचा, भाडं त्याचं. चप्पल काढ, चढ."

मी अठ्ठेचाळीस किलो भरलो. पन्नासच्या आत तासाला दहा पैसे, सत्तरच्या आत पंधरा, त्याच्या वर वीस, आणि नव्वदच्या पुढं गेलेल्याला मामू अदबीनं टांग्याचा अड्डा दाखवत. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'सोयगाव' झालो. माझं खरं नाव त्यांनी कधी विचारलं नाही आणि मीही सांगायचं राहूनच गेलं.

पन्नास आणि सत्तरच्या काठावरचे लोक काय काय करत म्हणून सांगू! एक वकील कोर्टाची कागदपत्रं दुकानातच ठेवायचे आणि पुढच्या तारखेला हजर होतो म्हणून सांगायचे. एका मारवाडी मुनिमानं किल्ल्यांचा जुडगा, चष्मा आणि तोंडातलं पान इतकं सगळं काढून ठेवून एकोणसत्तर गाठले. पण मुख्य बचत व्हायची ती चपलांची. त्या काळच्या गाडीच्या टायरच्या चपला म्हणजे जोडीला अर्धा-पाऊण किलोचा ऐवज. त्यामुळं लोक अनवाणीच सायकल घेऊन निघत आणि दुकानापुढं मशिदीबाहेर असते तशी चपलांची रांग लागलेली असे. परगावचा एखादा भाविक चौकशी न करताच आणखी एक जोड काढून ठेवी.

वजनानंतर मामू रस्ता विचारत. छावणी सपाट, म्हणून तो साधा दर. मकबऱ्याच्या बाजूला चढ, म्हणजे येताना उतार, म्हणजे ब्रेकचे गुटके झिजणार, म्हणून वर दोन पैसे. दौलताबादला निघालेल्याला ते म्हणत, "मग ईकतच घे की." काही बहाद्दर छावणी सांगून मकबऱ्याला जात. मामू सायकल परत घेताना काही बोलत नसत. नुसता ब्रेकचा गुटका चिमटीत धरत आणि आणखी दोन पैशांसाठी हात पुढं करत.

सगळ्यात महाग पडे ती उभी सायकल. पोरं सायकली घेऊन गुलमंडीकडं सिनेमाला जात आणि तीन तास सायकली बाहेर उभ्या. आता ती उभी होती, झिजली कुठं, भाडं निम्मं करा, असा त्यांचा बिनतोड वाद. मामू शांतपणे सांगत, "झिजली नाय, कबूल. पर तू गेल्यावर एक तलाठी आला व्हता. त्याला करमाडला जायाचं व्हतं, दिवसभराचं गिऱ्हाईक. मी नाय म्हणलं. त्याचं भाडं कुणी बुडवलं? हिनं, तिथं उभं राहून." यावर पोरांनी तोड काढली. एकानं अर्धा सिनेमा बघायचा, तोवर दुसऱ्यानं थेटराभोवती सायकल फिरवायची, मग अदलाबदल. दोघांनाही सिनेमा कळला नाही आणि तलाठ्याचं भाडं भरावं लागलं ते लागलंच.

कॉलेजात अर्थशास्त्राचे एक नवे प्राध्यापक आले होते. त्यांच्या कानावर हे गेलं आणि ते हरखूनच गेले. एके दिवशी अख्खा वर्ग घेऊन दुकानापुढं हजर. "बघा, एका जादा किलोमागं जो जादा खर्च येतो, त्याला आपण सीमांत खर्च म्हणतो. आणि तो तलाठी म्हणजे संधी-खर्च! हबीबमियाँ, तुम्ही हे कुठं शिकलात?"

"नावं तुम्ही ठेवा, सर," मामू म्हणाले, "टायर मी बदलतो."

सरांनी तासभर व्याख्यान दिलं. चाळीस पोरं दाटीवाटीनं उभी. व्याख्यान संपल्यावर मामूंनी त्यांच्याकडून तीन सायकलींचं तासाचं भाडं मागितलं. या गर्दीमुळं तीन गिऱ्हाइकं बाहेरच्या बाहेर परत गेली होती आणि तिघांची नावं मामूंना ठाऊक होती. सरांनी पैसे दिले. आपलंच शास्त्र आपल्या खिशात हात घालतंय हे बघून त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

आता मामूंच्या लोभाविषयी. गल्लीत त्यांची कीर्ती लोभी म्हणूनच होती आणि ती उगीच नव्हती. त्यांना प्रत्येकाचं मागचं वजन तोंडपाठ असे. माणूस काट्यावर चढला की दांडी स्थिर व्हायच्या आतच ते भुवया वर करत. वजन वाढलं असलं की खूश. उतरलं असलं की जीव गेल्यासारखे ओरडत, "दीड किलो उतरला! मेरा नुकसान करता क्या रे?"

माझ्या मेसच्या बाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या आणि दोन महिने मी चहा-चिवड्यावर काढले, तेव्हा माझीही पाळी आली. त्रेचाळीस भरलो. मामूंनी हातातला पंप खाली टाकला.

"पाच किलो? पाच किलो कुठं ठिवून आला?"

"मामू, पन्नासच्या आत एकच दर आहे. तुमचं काय नुकसान?"

त्यांनी पंप उचलून निंबाला टेकवला. मग म्हणाले, "लई शिकला, व्हय? चल, गप बस तिथं." आणि शेजारच्या हॉटेलवाल्याला हाक मारून त्यांनी खिचडी-खट्टा मागवला. मी खाईपर्यंत सायकल दिली नाही. पुढं दर खेपेला हाच प्रकार. खिचडी खायची, काट्यावर चढायचं, मगच सायकल. मी एकावन्न किलोला पोचलो आणि त्याच दिवशी त्यांनी माझे पंधरा पैसे घेतले. मित्र म्हणाले, बघ, बकरीला पाला घालतात तसा तुला पोसला आणि दर वाढवला. मलाही ते पटलं. खिचडीचे पैसे त्यांनी कधी मागितले नाहीत, हे त्या वयात कशाला लक्षात येतंय.

मुलींच्या शाळेतल्या एक बाई त्यांच्याकडची एकुलती एक लेडीज सायकल नेत. एकदा त्या काट्यावरून उतरल्या तर मामू नजर खाली घालून म्हणाले, "बाई, फुडल्या महिन्यापासून सायकल नको. टांगा लावा." बाई संतापल्या. आपण जाड झालो असं हा भर रस्त्यात सुचवतोय म्हणून पुन्हा तोंड बघणार नाही म्हणाल्या. पंधरा दिवसांनी त्यांना उलट्या सुरू झाल्या आणि त्यांच्या सासूबाई पेढे घेऊन आल्या. सासूबाईंना कोडं एवढंच पडलं होतं की घरात कुणाला कळायच्या आधी ही बातमी औरंगपुऱ्यातल्या सायकलवाल्याला कशी कळली.

आणि ड्रॉइंगचे एक मास्तर. महिन्याला किलोभर उतरत होते. चौथ्या महिन्यात मामूंनी सायकल द्यायला साफ नकार दिला. "पहिले घाटीतून लिहून आन. वाटेत पडला तर सायकल बी पडल. खर्चा कुणाचा?" मास्तरांनी भर चौकात शिव्या घातल्या. पण दुसऱ्या कुठल्या दुकानात त्यांची पत नव्हती, म्हणून घाटीच्या सरकारी दवाखान्यात गेले. तिथं छातीचा फोटो काढला आणि त्यांना ठेवूनच घेतलं. वर्षभरानं बरे होऊन आले ते एकाहत्तर किलो भरून. मामूंनी वीस पैसे घेतले आणि सगळ्यांना चहा पाजला. गल्ली म्हणाली, घ्या, म्हाताऱ्याला पाच-दहा पैसे जास्त मिळाले तर केवढा आनंद!

असं सगळं सुखात चाललं होतं, तेवढ्यात समोर बन्सीशेटनी दुकान काढलं. नव्या कोऱ्या वीस सायकली, रंगवलेली पाटी, आणि पाटीवर : कुणीही या, कुठंही न्या, तासाला बारा पैसे. वजन नाही, रस्ता नाही, चौकशी नाही. बाजारात चढाओढ आली की गिऱ्हाइकाचं भलं होतं असं म्हणतात. इथं काय झालं ते ऐका. जे मामूंना दहा पैसे देत होते ते बारीक लोक बारा द्यायला कशाला जातील? ते मामूंकडंच राहिले. आणि पंधरा-वीसवाले सगळेच्या सगळे रस्ता ओलांडून बन्सीशेटकडं गेले. तालमीतले पैलवान गेले. हलवाई गेले. ज्यांना मामूंनी आयुष्यभर टांग्याचा अड्डा दाखवला होता ते तर बायकोला मागं बसवून डबलसीट गेले.

तीन महिन्यांत बन्सीशेटची टायरं बोलायला लागली. त्यांनी भाव सोळा केला. तर मधल्या वजनाचे जे चार लोक होते तेही मामूंकडं परतले. मग अठरा केला, तर आणखी काही. शेवटी त्यांच्याकडं फक्त अशी माणसं उरली की जी सायकलवर बसली की सायकल दिसत नसे. मामू निंबाखाली बसून हे बघत. एकदा त्यांनी रस्त्याच्या पलीकडं हाक मारून सांगितलंही, "बन्सीशेट, काटा घ्या एक. लिलावात सस्ता भेटतो." बन्सीशेटनी काटा घेतला नाही. त्यांनी सरकारकडं अर्ज केला.

तो अर्ज ज्या कचेरीत आला तिथं मी तोवर कारकून म्हणून चिकटलो होतो. खात्याचं नाव सांगत नाही, पेन्शन चालू आहे. आमचे साहेब देहानं भारदस्त. एकदा त्यांची जीप बंद पडली म्हणून ते मामूंकडं गेले होते, आणि मामूंनी लिलावातल्यासारखा त्यांचा आकडा मोठ्यानं पुकारून वर सांगितलं होतं, "सायब, टांगा करा. सायकलला बी जीव असतो." ही गोष्ट साहेब विसरले नव्हते. बन्सीशेटच्या अर्जावर आमच्या कचेरीत आठ दिवसांत हुकूम निघाला. इतक्या वेगानं तिथं दिवाळीची उचलसुद्धा मिळत नसे.

हुकमाचा मसुदा माझ्याच हातचा. वजनावर भाडं आकारणं ही ग्राहकाची मानहानी आहे, सबब सर्व दुकानांत तासाला बारा पैसे हा एकच दर राहील, दरफलक दर्शनी भागी लावावा, आणि भाडे आकारणीकामी वापरला जाणारा वजनकाटा पंधरा दिवसांत हटवावा, अन्यथा परवाना रद्द. 'सबब' आणि 'आकारणीकामी' हे शब्द मी घातले आणि साहेबांनी माझी पाठ थोपटली.

हुकूम लागू झाला त्याच दिवशी शहरातल्या सगळ्या जाड माणसांसाठी सायकली पंक्चर झाल्या. बन्सीशेट लांबूनच माणूस हेरत आणि म्हणत, हवा नाही, चेन तुटली, मघाशीच गेली. बारा पैशांत पैलवान कुणाला परवडतो? मामूंनी बहाणा केला नाही. ते तोंडावर सांगत, "सायकल हाय, पर तुला देत नाय. सरकारनं भाव बांधला, झीज बांधली नाय." आमचा शिपाई धोंडीराम, वजन शहाऐंशी, टपाल वाटत पायी फिरू लागला आणि सोमवारचं टपाल गुरुवारी पोचू लागलं. मी अहवाल दिला. साहेबांनी विचार करून दुसरा हुकूम काढला की पंक्चर झाल्यास दुकानदारानं त्याचं कारण विहित नमुन्यात तीन प्रतींत सादर करावं. तो नमुनाही मीच तयार केला. त्यात 'खिळ्याचा प्रकार' असा एक रकाना होता.

गल्लीला वाटलं होतं मामू आता भांडणार, कोर्टात जाणार. पण त्यांनी मुकाट्यानं दरफलक लावला. सगळ्यांकडून बारा पैसे घेऊ लागले. फक्त काटा तिथंच राहिला. आणि नवल म्हणजे आता भाडं सारखंच असूनही ते लोकांना काट्यावर चढायला सांगतच राहिले. कुणी विचारलं, आता कशाला, तर म्हणत, "चढ ना, तुझ्या बापाचं काय जातं?" लोक हसत आणि न चढताच सायकल घेऊन जात. चपलांची रांग गेली. म्हातारा ठार येडा झाला असं समोरून बन्सीशेट सांगू लागले.

पंधरावा दिवस उजाडला तरी काटा जागेवरच. साहेबांनी मला हातगाडीसकट पाठवलं. काटा आण, नाही दिला तर परवाना आण.

दुपारचे दोन वाजले असतील. हातगाडीवाल्याला मी सावलीत थांबवलं आणि कागद काढला. मामू एका चाकाच्या तारा आवळत बसले होते.

"मामू, साहेबांचा हुकूम आहे. काटा द्या."

"परवाना ने," ते मान वर न करता म्हणाले.

"अहो, अकरा सायकली आहेत. खाणार काय?"

"सायकली बी ने पाहिजे तर. काटा नको नेऊ, सोयगाव."

मला राग आला. सरकारी माणसाला लवकर येतो. म्हणालो, "सगळ्यांकडून बारा पैसेच घेता ना? मग वजन करून करता काय? कशासाठी हट्ट हा?"

त्यांनी चाक बाजूला ठेवलं. हात फडक्याला पुसले. बराच वेळ पुसत राहिले.

"माझी घरवाली व्हती, जैबुन," ते म्हणाले. "तू यायच्या आधीची गोष्ट. पोरबाळ नव्हतं, दोघंच. चांगली भरल्या अंगाची व्हती. एका साली तिच्या चुड्या ढिल्या झाल्या. हात वर केला की कोपरापातुर जायाच्या. भाकर थापाया बसली की नुसता आवाज. मी त्या चुड्या घेऊन शहागंजात चुडीवाल्याकडं गेलो. भांडलो त्याच्याशी. म्हणलं, माप चुकवतोस काय, बाईमाणसाला फसवतोस? त्यानं बिचाऱ्यानं बदलून दिल्या, एक माप कमी. चार म्हयन्यांनी त्या बी ढिल्या. पुन्यांदा गेलो, पुन्यांदा भांडलो. चार लोक जमा केले, चोर म्हणलं त्याला. तिसऱ्या खेपेला तो उठून बाहीर आला. माझ्या खांद्यावर हात ठिवला अन म्हणला, हबीबभाई, ये बच्ची के माप की है. ये भी ढीली हुई क्या? चुडी को नको देखो. भाबी को देखो."

निंबावर कावळे ओरडत होते. हातगाडीवाला विडी पेटवून दुसरीकडं बघत होता.

"घाटीत नेलं. डाक्टर म्हणला, इतके दिवस काय बघत व्हता? काय सांगू त्याला? तिलाच तर बघत व्हतो. रोज समोर बसून जेवायची. रोज बघणाऱ्याला नाय दिसत रे. थोडं थोडं जातं ना, नाय दिसत." त्यांनी फडक्याची घडी घातली. "दोन म्हयने राहिली मग."

काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "म्हणजे ते भाड्याचं, झिजेचं सगळं..."

"ते बी खरंच हाय," मामू एकदम ताठ होऊन म्हणाले. "टायर झिजतंच. खर्चा तर हायच. पर मी नुसतं म्हणलं असतं की या, वजन करा, तर कोण आलं असतं? पाच पैसे वाचतात म्हणलं की माणूस चप्पल काढून चढतो. आता बारा पैसे समद्यांना सारखे. आता कोण चढत नाय. हां, एक पोरगं तेवढं तू बघितलं तर बरं. त्या तांबट गल्लीतल्या पोराचं दोन हप्त्यापासून मला ठीक वाटत नाय. चढतच नाय तो."

मी ओशाळलो. त्या पोराला काट्यावरून खाली उतरवलं होतं ते माझ्या 'सबब'नं आणि 'आकारणीकामी'नं. पण मसुदा माझाच होता आणि त्यात कुठल्या फटीत बोट शिरतं ते मला ठाऊक होतं. तिथंच सायकलच्या सीटवर कागद ठेवून मी अहवाल लिहिला. सदर दुकानी एकच दर आकारला जात असून भाडे आकारणीकामी कोणताही वजनकाटा वापरात नाही, सबब हटवण्याजोगा काटा आढळून आला नाही. शब्द न् शब्द खरा होता. साहेब चिडले तरी त्यांना माझंच वाक्य मोडून काढावं लागलं असतं आणि तेवढा त्यांना उत्साह नव्हता. हातगाडीवाल्याला मी रिकामाच परत पाठवला.

मामूंनी अहवाल वाचायला मागितला. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं, तरी कागद डोळ्यांपुढं धरून बसले. त्यांच्याकडं बघताना माझ्या तोंडून निघून गेलं, "मामू, तुमचं वजन कोण करतं?"

"माझं?" ते हसले. "मी वर चढलो तर दांडी कोण सरकवणार?"

"मी सरकवतो. चढा."

त्यांनी पुष्कळ आढेवेढे घेतले. कामं पडली आहेत म्हणाले, नमाजची वेळ झाली म्हणाले, म्हाताऱ्याचं काय वजन करायचं म्हणाले. मी ऐकलं नाही. चपला काढायला लावल्या. ते बारमाही घालत तो जाड खाकी कोटही काढायला लावला. इतक्या वर्षांत त्यांना कोटाशिवाय मी पहिल्यांदाच बघत होतो. सदऱ्यातून खांद्याची हाडं वर आली होती.

मी दांडीवरचं वजन साठावर ठेवलं. दांडी खाली पडली. पंचावन्नवर आणलं, तरी खालीच. पन्नासवर आणलं. माणूस माझ्यापेक्षा वीतभर उंच, आणि दांडी काही उचलेना. बेचाळीसला ती हलली आणि स्थिर झाली. मी पुन्हा एकदा बघितलं, बोटानं टिचकी मारून बघितली.

"किती?" मामू समोर रस्त्याकडं बघत म्हणाले.

"बेचाळीस."

त्यांनी मान वळवून दांडीकडं बघितलं. मग म्हणाले, "काटा जुना झालाय रे. माप चुकवायला लागला."

मी वाद घातला नाही. हात धरून त्यांना खाली उतरवलं, कोट अंगावर चढवला, एकेक गुंडी लावली. अकराही सायकली आत ढकलून दुकानाला कुलूप घातलं.

"चला, मामू," मी म्हणालो. "आधी माझ्या घरी जाऊन जेवू. मग घाटीत जाऊ."